पंधरा सेकंदांचा सिग्नल आणि कट्ट्यावरची खडाजंगी

बंड्या आला तोच तणतणत. नगरनियोजनाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याची दोन महिन्यांची इंटर्नशिप त्याच दिवशी संपली होती. पाठीवरची बॅग कट्ट्यावर टाकून म्हणाला, "दोन महिने नुसते रंग भरले. पिवळा निवासी, जांभळा औद्योगिक, हिरव्या मोकळ्या जागा. जे शिकून गेलो त्यातलं एक अक्षर कुणी विचारलं नाही."

"विचारतील कशाला?" नाना म्हणाले. नाना नगररचना खात्यातून निवृत्त झालेत, उभी हयात आराखडे करण्यात गेली. "कॉलेजात तुम्हाला कोऱ्या कागदावर शहर वसवायला शिकवतात. आमच्या टेबलावर कागद कोरा कधी येतच नाही. त्यावर आधीच घरं असतात, मालकीचे दावे असतात, कोर्टाची स्थगिती असते आणि परवा बैठक असते. परवा म्हणजे परवा. तुझे सर तीन वर्षांनी शोधनिबंध छापणार, त्याचं मी काय करू?"

बंड्याचे सर म्हणजे आमचा मास्तर. माझ्याच वर्गातला, आता विद्यापीठात नगरनियोजन शिकवतो. तो उसळलाच. "मग नाना, पार्किंगचे आकडे कुठून आणलेत तेही सांगा. इतक्या चौरस मीटरला इतक्या गाड्या, हे कोष्टक तुम्ही आधीच्या आराखड्यातून उचललंत, त्या लोकांनी त्याच्याही आधीच्यातून. मुळात मोजलं होतं कुणी?"

नाना काही बोलले नाहीत. मास्तरने डोनाल्ड शूप यांचं उदाहरण काढलं. शूप लॉस एंजेलिसमध्ये नगरनियोजनाचे प्राध्यापक होते. अमेरिकेतले नियोजक पार्किंगसाठी ज्या पुस्तिकेवर डोळे झाकून विसंबायचे, ती त्यांनी उघडून तपासली. तिच्यातल्या १०१ दरांपैकी निम्मे दर चार किंवा त्याहूनही कमी पाहण्यांवर बेतलेले निघाले, २२ टक्के तर एकाच पाहणीवर. त्या पाहण्याही बहुतेक उपनगरांतल्या, जिथे पार्किंग फुकट आणि बसचा पत्ता नाही. असे आकडे नियमात शिरले आणि जागाच्या जागा डांबराखाली गेल्या. यावरचं शूप यांचं मोठं पुस्तक २००५ साली आलं. बफेलो शहराने किमान पार्किंगची सक्ती काढून टाकली ती २०१७ मध्ये.

"बघ, बारा वर्षं," नाना म्हणाले.

"बारा लागली, कारण त्यांचं वाचून नियम बदलायचं काम कुणाचंच नव्हतं."

"आणि नगरनियोजन काही विद्यापीठात जन्मलं नाही हो. ज्या एबेनेझर हॉवर्डच्या उद्याननगरीवर, म्हणजे हिरव्या पट्ट्याने वेढलेल्या छोट्या शहराच्या कल्पनेवर, तुमचे पहिले तास खर्ची पडतात, तो लघुलेखक होता. १८९८ ला पुस्तक लिहिलं, १९०३ ला इंग्लंडात लेचवर्थ या पहिल्या उद्याननगरीचं काम सुरू. शहरांवर लिहून नियोजकांना हलवणाऱ्या जेन जेकब्जकडे कुठे नियोजनाची पदवी होती?"

"पण लिव्हरपूलला १९०९ मध्ये हा विषय शिकवायला सुरुवात झाली, तेव्हा शिकवणारा आणि आराखडा करणारा एकच माणूस असायचा," मास्तर म्हणाला. "पॅट्रिक अ‍ॅबरक्रॉम्बी आधी तिथे शिकवत होते, नंतर लंडनला. लंडनचे १९४३ आणि १९४४ चे आराखडे त्यांच्याच हातचे. हे दोन हात वेगळे झाले, तिथे घोळ झाला."

हे भांडण आमच्या कट्ट्याला नवं नाही. एक म्हणतो तुम्ही वाचत नाही, दुसरा म्हणतो तुम्ही बाहेर पडत नाही, दिवे लागले की सगळे उठतात. त्या दिवशी ताईमुळे ते पुढे सरकलं, म्हणून लिहून ठेवतोय.

ताईची स्वतःची सल्लागार संस्था आहे, छोट्या शहरांचे आराखडे करते. ती म्हणाली, "तुम्ही दोघंही माणसांच्या स्वभावावर बोलताय. मी बिलावर बोलते. अंतिम आराखडा सादर केला की माझा शेवटचा हप्ता निघतो. बांधून झाल्यावर परत जाऊन बघा, हे कलम मी आजवर एकाही निविदेत वाचलेलं नाही. मी गेले तर पदरमोड करून जायचं. मास्तर, तू तरी जातोस का?"

मास्तर थोडा थांबला. "नाही जात. पाच वर्षांनी त्याच चौकात त्याच पद्धतीने मोजणी केली, तर नियतकालिक विचारतं यात नवीन काय? बढतीला छापलेले निबंध मोजतात. जुन्याच जागेची परत मोजणी कुणी धरत नाही."

"म्हणजे डॉक्टर औषध देतो आणि रुग्णाला परत बोलावतच नाही," बंड्या म्हणाला.

यावर मी बोललो. एरवी मी ऐकणाऱ्यांतला. पण ही गोष्ट माझ्याकडे बरीच वर्षं पडून होती.

शिकत असताना मला एका चौकात पादचारी मोजायला बसवलं होतं. हातात स्टॉपवॉच, मांडीवर तक्ता. रस्ता १८ मीटर रुंद, पादचाऱ्यांसाठी हिरवा दिवा १५ सेकंद. हिशेब सरळ आहे: माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरायचं, १८ भागिले १.२, उत्तर १५. दुसऱ्या दिवशी एक आजी आल्या. हातात काठी, दुसऱ्या हाताला पिशवी. हिरवा लागल्यावर त्या लगेच निघाल्या, अजिबात रेंगाळल्या नाहीत. दिवा बदलला तेव्हा त्या १२ मीटरवर होत्या. सहा मीटर बाकी, आणि समोरच्या मोटारसायकली सुटल्या. त्या जागच्या जागी थांबल्या, काठी पायाशी घट्ट धरून, आणि दोन्हीकडून गाड्या गेल्या. मी उठून धावेपर्यंत एका रिकाम्या फटीतून त्या पलीकडे पोचल्या होत्या. तक्त्यात मी लिहिलं: ०.८.

पुढचे चार दिवस मी फक्त म्हाताऱ्या माणसांची गती मोजली. बहुतेक आकडे एकच्या खालीच. अहवाल केला, संबंधित कार्यालयात नेऊन दिला. तिथल्या अधिकाऱ्यांनी आपुलकीने ऐकून घेतलं, म्हणाले, चांगलं काम केलंस, पण नियमात १.२ आहे. अहवाल कपाटात गेला.

खरी बोचणारी गोष्ट याच्या पुढची आहे. नोकरीला लागल्यावर मी स्वतः कितीतरी चौकांच्या सिग्नलचे हिशेब केले आणि प्रत्येक वेळी १.२ च धरला. मी मोजलेला आकडा मीच वापरला नाही. तक्त्याच्या रकान्यात १.२ छापलेलं होतं आणि सही करणाऱ्यांना तेच दिसायला हवं होतं. पुढे २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या ६५ वर्षांवरच्या लोकांचा अभ्यास वाचला. पुरुषांची सरासरी गती ०.९, बायकांची ०.८. ज्येष्ठांतल्या बहुसंख्य लोकांना १.२ गाठता येत नाही. अमेरिकेने तर २००९ मध्येच आपल्या नियमपुस्तिकेत ही गती सेकंदाला ४ फुटांवरून ३.५ फुटांवर आणली होती. मी ते वाचत बसलो आणि मला त्या आजींची काठी दिसत राहिली.

कुणी काही बोललं नाही. मग मास्तर म्हणाला, "तुझ्या अहवालाला जायला जागाच नव्हती. विल्यम व्हाइटला ती होती, म्हणून त्याचं काम फळाला आलं."

व्हाइटची गोष्ट मला अर्धवट ठाऊक होती, मास्तरने ती नीट सांगितली. न्यूयॉर्कने १९६१ च्या नियमावलीत सवलत ठेवली: इमारतीपुढे लोकांसाठी मोकळा चौक सोडा आणि त्या बदल्यात जादा बांधकाम घ्या. चौक झाले, मजले चढले. आणि बरेचसे चौक ओस. व्हाइट हा मूळचा पत्रकार. शहराच्या नियोजन आयोगासाठी १९६९ च्या आराखड्यावर काम करताना त्याला प्रश्न पडला, की हे चौक प्रत्यक्षात कसे चाललेत हे कुणी जाऊन पाहिलंय का? कुणीच पाहिलं नव्हतं. मग त्याने तरुण मदतनीस जमवले, कॅमेरे लावले आणि माणसं कुठे थांबतात, कुठे बसतात, हे तासन्‌तास टिपलं. ऊन, आकार, क्षेत्रफळ, सगळं तपासून झाल्यावर जे हाती आलं ते ऐकायला साधं आहे: जिथे बसायला जागा आहे तिथे माणसं बसतात. बहुतेक ओस चौकांत बसायलाच काही नव्हतं. १९७५ मध्ये नियम बदलला. चौकाच्या दर ३० चौरस फुटांमागे १ फूट लांबीची बसायची जागा सक्तीची झाली.

"बघा नाना," मास्तर म्हणाला, "सहा वर्षांत मोजणी नियमात उतरली. कारण प्रश्न आयोगाच्या टेबलावर निर्माण झाला आणि उत्तर त्याच टेबलावर परत गेलं."

मला वाटलं नाना आता मान्य करतील. त्यांनी उलट अशी गोष्ट सांगितली की मास्तरही चमकला. "मी वाचत नाही असं तू धरून चाललायस. ड्युरांटन आणि टर्नर यांचा २०११ चा अभ्यास मी वाचलाय. अमेरिकेतल्या शहरांत महामार्ग जितके वाढले, जवळपास त्याच प्रमाणात गाड्यांची धावही वाढली. म्हणजे रुंदीकरणाने कोंडी सुटत नाही. एका रस्त्याच्या रुंदीकरणाच्या वेळी मी हे टिपणात लिहून दिलं होतं. रुंदीकरण झालंच. माहिती नव्हती म्हणून झालं नाही ते. दोन्ही बाजूंच्या जमिनींचे भाव वाढणार होते म्हणून झालं. तुझं विद्यापीठ याला काय करणार?"

हा मुद्दा खरा होता आणि मास्तरने तो टाळला नाही, हे मला आवडलं. तो म्हणाला, "तिकडचा अभ्यास असला की लोक म्हणतात, ते तिकडचं. आपल्या गल्लीतली मोजणी अशी झटकता येत नाही. कोपनहेगनने स्ट्रॉयेट हा रस्ता १९६२ मध्ये गाड्यांना बंद केला तेव्हा दुकानदार विरोधात होते. यान गेल तेव्हा तिथल्या वास्तुकला शाळेत होते. त्यांनी १९६८ मध्ये रस्त्यावरची माणसं मोजली, मग १९८६ मध्ये, मग १९९५ मध्ये, त्याच शहरात, त्याच पद्धतीने. पुढचा रस्ता बंद करताना नगरपालिकेच्या हातात स्वतःच्या शहराचा आकडा होता. ज्यांच्या जमिनींचे भाव वाढणार असतात ते लोक त्याने हरतात असं नाही म्हणत मी. पण तुमच्या टिपणाबरोबर जर त्याच रस्त्याच्या दहा वर्षांच्या मोजण्या असत्या, तर त्या बाजूला सारताना कुणाला तरी लेखी कारण द्यावं लागलं असतं."

नानांनी मान हलवली. होकार होता की नव्हता, कळलं नाही.

ताई तोवर वहीत काहीतरी लिहीत होती. तिचं म्हणणं असं: मानधनाचा छोटा हिस्सा राखून ठेवावा आणि तो पाच वर्षांनी, काम झाल्याठिकाणी फेरमोजणी झाल्यावरच द्यावा. मोजणी सल्लागाराने करायची नाही, जवळच्या नगरनियोजन विभागाच्या मुलांनी करायची, स्टुडिओचा, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या तासांचा, भाग म्हणून. मुलांना खरं शहर मिळतं, विद्यापीठाला वर्षांमागून वर्षांची माहिती मिळते, कार्यालयाला आपला आराखडा कुठे फसला ते कळतं. मास्तरने लगेच अडचण काढली: मुलं दर सत्राला बदलतात, पद्धत एक राहिली नाही तर आकड्यांची तुलना करता येत नाही, म्हणून मोजणीचा तक्ता विभागाने सांभाळायचा, एकेका शिक्षकाने नव्हे. ताई म्हणाली, आणि कच्चे आकडे सगळ्यांना खुले हवेत, नाहीतर ते माझ्याच कपाटात जातील. दहा मिनिटं ते दोघं यातच होते. या कट्ट्यावर इतकं कामाचं बोलणं मी फार क्वचित ऐकलंय.

"आणि चूक सापडली तर?" नाना मध्येच म्हणाले. आवाज खाली आला होता. "तुम्ही मोजणार, सगळ्यांपुढे मांडणार, की अमक्याच्या आराखड्यातलं हे फसलं. खुर्चीत बसलेला माणूस तुम्हाला आत का घेईल? मी नसतं घेतलं."

बंड्या म्हणाला, "नाना, तुमच्या एखाद्या आराखड्यापासूनच सुरू करू का? माझा प्रबंध अजून ठरलेला नाही."

मला वाटलं नाना चिडतील. ते बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एका दाट वस्तीच्या आराखड्यात मी मुलांच्या मैदानांसाठी सहा जागा राखल्या होत्या. एकेका जागेसाठी भांडलो होतो. वीस वर्षं झाली. त्यातल्या किती जमिनीवर आल्या, आल्या तिथे कोण खेळतं, मुली येतात का, कुलूप असतं का, मला काही माहीत नाही. बदली झाली आणि मी परत गेलोच नाही."

"नकाशा आहे?"

"आहे. घरी, गुंडाळी करून ठेवलाय. हरकती-सूचनांच्या सुनावणीत मी काढलेली टिपणंही आहेत. ती कुठल्या फायलीत सापडायची नाहीत तुला." नाना उठले, पायात चपला सरकवल्या. "मैदानाच्या जागी इमारत दिसली तर तसं लिही. माझं नाव झाकू नकोस. पण ती कशी उभी राहिली हे मला विचारल्याशिवाय निष्कर्ष लिहायचा नाही. कबूल?"

बंड्याने बॅगेतून वही काढली होती. मास्तर त्याला सांगत होता की सहाही जागी एकाच वाराला, एकाच वेळेला मोज, आणि सुट्टीच्या दिवशी वेगळं. ताईने विचारलं, स्टॉपवॉच आहे का कुणाकडे. माझं जुनं अजून चालतं. रविवारी सकाळी सातला पहिल्या मैदानाच्या फाटकापाशी भेटायचं ठरलं. नाना म्हणाले, मीही येतो, मला रस्ता आठवतोय.