यॉडेलिंगचा जनक जिमी रॉजर्स नव्हे

किशोरकुमारच्या यॉडेलिंगचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. अमेरिकन काऊबॉय जिमी रॉजर्सने १९२७ साली यॉडेलिंग शोधलं, इंग्लंडच्या गायकांनी त्याची नक्कल केली आणि किशोरदांनी ते थेट त्याच्याकडून घेतलं, असं त्यात असतं. मला रॉजर्स फार आवडतो, म्हणूनच हे खोडून काढावंसं वाटतं.

आधी ‘शोधलं’ या शब्दाबद्दल. छातीच्या आवाजातून एकदम खोट्या, म्हणजे वरच्या बारीक आवाजात (फॉल्सेटो) उडी मारायची आणि इतर गायक जो सांधा लपवतात तोच उघडा ठेवायचा, हे यॉडेलिंग आल्प्सच्या डोंगरात फार जुनं आहे. आल्प्समधल्या टायरॉल प्रांतातलं राइनर कुटुंब १८२७ मध्ये इंग्लंडमध्ये गाऊन आलं आणि १८३९ मध्ये त्याच घराण्याची मंडळी अमेरिकेत पोहोचली. पुढे १८७० मध्ये जे. के. एमेट या नटाने जर्मन माणसाची भूमिका करत यॉडेलिंग नाटकांत लोकप्रिय केलं. अमेरिकन गायक जॉर्ज वॉटसनच्या यॉडेलिंगची ध्वनिमुद्रणं तर रॉजर्स लहान असतानाची आहेत. ४ ऑगस्ट १९२७ ला अमेरिकेतल्या ब्रिस्टलमध्ये रॉजर्स पहिल्यांदा ध्वनिमुद्रणासाठी उभा राहिला, तेव्हा त्याने यॉडेलिंग केलं ते ‘स्लीप, बेबी, स्लीप’ या अंगाईत. ही अंगाई वॉटसन त्याच्या कितीतरी आधी गाऊन गेला होता! शिवाय १९२४ मध्ये जॉर्जियाचा अंध गायक रायली पकेट यॉडेलिंगसह ध्वनिमुद्रित झाला होता.

मग रॉजर्सचं मोठेपण कशात? त्याने यॉडेलला ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या दुःखगीतांच्या, बारा बारच्या चौकटीत बसवलं. कडवं संपताना येणारी ती तुटक हाक, त्यातला एकटेपणा, हे खास त्याचं. ते श्रेय पुरेसं मोठं आहे.

आणि तो काऊबॉय नव्हता. मिसिसिपीचा हा माणूस रेल्वेत ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारा कामगार होता. क्षयाने शरीर साथ देईना, तेव्हा गाण्याकडे वळला आणि १९३३ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी गेला.

इंग्लंडवरचा नक्कलेचा आरोप मला सर्वांत जास्त खटकतो. हॅरी टोरानी ऐका. खरं नाव हॅरी हॉपकिन्सन, जन्म १९०२, डर्बीशरच्या कोळसाखाणींच्या मुलखातला. जाहिरातीत तो ‘चेस्टरफिल्डचा यॉडेलिंग काऊबॉय’ असायचा, पण तो पोशाख म्युझिक हॉलच्या, म्हणजे गाणी आणि करमणुकीच्या इंग्रजी रंगमंचाच्या प्रेक्षकांसाठी होता. १९३० च्या दशकात रीगल झोनोफोन या तबकडी कंपनीसाठी त्याने केलेल्या तबकड्यांत ब्लूजचा हुंदका नाही. आवाज वेगाने, स्वच्छ, तानेसारखा वरखाली पळतो. ही म्युझिक हॉलची रीत आहे, एमेट-वॉटसनच्या जवळची.

राहिले किशोरदा. मधले भाऊ अनूपकुमार यांच्या संग्रहातल्या रॉजर्सच्या तबकड्या त्यांनी ऐकल्या, हे खरं. पण फक्त त्याच्याच नाही, त्याच संग्रहात टेक्स मॉर्टनही होता. हा न्यूझीलंडचा गायक. त्याने १९३६ मध्ये सिडनीत गाणी मुद्रित केली, तीही टोरानीच्याच रीगल झोनोफोनसाठी.