लुईस यांच्या आकृतीत आजी कुठं बसते?

सोलापुरात चिमणी अजून पडतेच आहे. सिद्धेश्वर साखर कारखान्याची ती चिमणी विमानतळाला अडसर ठरली म्हणून जून 2023 मध्ये पाडली. दोन वर्षांनी होटगी रोडवरून गोव्याचं विमान उडालं. तरी आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विषय निघाला की मामा आणि धाकटा चुलतभाऊ दोन-दोन दिवस एकमेकांशी बोलत नाहीत. भाऊ म्हणतो, विमान आलं, आता आयटी येणार. मामा ऊसवाले. ते म्हणतात, चालत्या धंद्यावर नांगर फिरवला. मग दोघंही माझ्याकडं वळतात. ‘तू सांग की बे, तू तर विकासाचंच शिकतोस तिकडं.’

शिकतो खरं. मँचेस्टर विद्यापीठात आर्थिक वाढीचे सिद्धांत हा माझा विषय, आणि आमचे बरेचसे वर्ग भरतात त्या इमारतीला अर्थतज्ज्ञ आर्थर लुईस यांचं नाव आहे. सेंट लुशिया या छोट्या बेटावरचा हा माणूस 1948 मध्ये इथं प्राध्यापक झाला. 1952 च्या ऑगस्टमध्ये बँकॉकच्या रस्त्यावरून चालताना त्यांना एक कल्पना सुचली. 1954 मध्ये ती निबंधरूपानं छापून आली आणि 1979 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. कल्पना आमच्याकडच्या कुणालाही पटेल अशी. शेतीत आणि किरकोळ धंद्यात गरजेपेक्षा जास्त हात असतात. कारखाना थोडी बरी मजुरी देऊन त्यांना ओढतो, नफा पुन्हा यंत्रात घालतो, आणखी हात ओढतो. जादा हात संपले की मजुरी वाढायला लागते.

माझे आजोबा म्हणजे या सिद्धांताचं चालतंबोलतं उदाहरण. दुष्काळात मंगळवेढ्याकडून आले, लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये बदली कामगार म्हणून लागले, पुढं कायम झाले. भोंग्यावर घर चालायचं. नव्वदच्या दशकात मिल बंद पडली आणि सिद्धांत घरात उलटा फिरला. आजीनं पद्मशाली शेजारणीकडून बिडी वळायला शिकून घेतली. भिजवलेलं तेंदूपान पत्र्याच्या मापानं कापायचं, चिमटीत तंबाखू, वळायची, दोरा गुंडाळायचा, टोक मोडायचं. मांडीवर सूप, मान खाली, दुपारपर्यंत बोलायचं नाही. माल घेऊन गेली की तपासणारा चार बिड्या छाट म्हणून बाजूला टाकायचा. त्याचे पैसे नाहीत, पान-तंबाखू मात्र हिशेबात धरलेली. आजोबांच्या पगाराच्या जागी आता दर हजारी मजुरी आली. लुईस यांची कल्पना आकृतीत काढली तर मजुरांचा बाण कारखान्याकडं जातो. तो घराकडं परत येतो तेव्हा काय म्हणायचं, हे मी वर्गात विचारलं. उत्तरात चर्चा भरपूर झाली.

मामा आणि भाऊ यांच्यातलं भांडण मला त्यामुळं खोटं वाटायला लागलंय. दोघंही बाहेरून काय आलं आणि गावातून काय गेलं, एवढाच हिशेब मांडतात. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी 1957 मध्ये अमेरिकेचा 1909 ते 1949 चा हिशेब मांडला. दर कामाच्या तासामागं उत्पादन जितकं वाढलं, त्यातला आठात सात हिस्सा भांडवल वाढल्यामुळं नव्हताच. कामाची रीत सुधारली, माणसं शहाणी झाली, असं ज्याला म्हणता येईल त्यात तो होता. आपल्याकडं चादरीची रीत होती. ती पुढं शिकणारी पोरं राहिली नाहीत, आणि आता सोलापुरी म्हणून स्वस्तातली चादर पानिपतहून येते. (पानिपतावर हरायची आपल्याला सवयच आहे.) उलट, शाळांचे गणवेश शिवणारे आपल्याच गल्ल्यांतून उभे राहिले, देशभर माल जातो. त्यावर ग्रुपवर एक ओळ कधी आली नाही.

मँचेस्टरचं कौतुक सांगून तुम्हाला खिजवायचं नाही. इथल्याही गिरण्या गेल्या. अँकोट्समधल्या मरे गिरणीत आता फ्लॅट आहेत, विटा तशाच ठेवून भाडं चढं. आणि इथली पोरं नोकरीला लंडनला जातात, जशी आपली सोमवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला. आपली चिमणी पडली त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, तेव्हाचे पंतप्रधान सुनक मँचेस्टरला आले आणि वेगवान रेल्वेचा मँचेस्टरपर्यंतचा टप्पा रद्द केल्याचं त्यांनी जाहीर केलं. तेही एका जुन्या रेल्वे स्टेशनच्या इमारतीत! तेव्हा इथले लोकही भावासारखेच बोलत होते: रेल्वे आली असती तर सगळं झालं असतं.

विमानाला माझा विरोध नाही, मीही बसेन. पण उजनी धरण भरलेलं असताना नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात शिकलेली पोरगी संसार का थाटेल, हा प्रश्न मला धावपट्टीच्या लांबीपेक्षा मोठा वाटतो. हे ग्रुपवर लिहिलं तर दोघंही माझ्यावर चिडले. निदान एकत्र चिडले.

पुढच्या आठवड्यात निबंध द्यायचाय. लुईस यांची आकृती काढून त्यात आजीसाठी उलटा बाण तुटक रेघेनं घातलाय. कच्चा मसुदा बघून आमच्या बाईंनी शेजारी पेन्सिलीनं एवढंच लिहिलं, ‘याचे आकडे आहेत का?’ मामांना निरोप पाठवलाय, आजीच्या ट्रंकेत बिडीच्या नोंदीची वही असेल, पानांचे फोटो काढून पाठवा. मामांचं उत्तर आलं, ‘पाठवतो. आधी चिमणीचं बोल.’