शोभेचं जातं

काल बाहेरून आलो, घाम पुसलेला पंचा आजोबांच्या खुंटीला अडकवला, तर बायकोनं तो दोन बोटांत धरून माझ्या हातात परत दिला. "तिला काही अडकवायचं नाही. ती डेकोर आहे."

धुळ्यात देवपूरला फ्लॅट घेतला, लेकीनं पुण्याहून इंटिरिअरवाला आणला आणि त्यानं परंपरा-आधुनिकतेचा संगम घडवला. घंगाळात मनीप्लँट, कंदिलात एलईडी, भिंतीवर वारली नाच. मी म्हटलं, वारली पालघर-डहाणूचे, आमच्याकडे भिल्ल, पावरा, मावची. तो म्हणाला, "ट्रायबल ते ट्रायबल, काका."

घर बघायला अमळनेरकडून काकी आली, तेव्हा हा प्राणी मोबाइलवर फोटो काढत होता. काकी सोफ्यावर न बसता थेट टीपॉयपाशी उकिडवी बसली. काचेखाली तिच्या सासूचं जातं.

"हाई काय शे, भाऊ?"

"टीपॉय."

"खाले?"

"जातं."

"खुंटा कोठे गया?"

"काढला. काचेला लागत होता."

"मंग दळतस कसं?"

"दळत नाही, काकी. शोभेला ठेवलंय."

काकीनं पदर तोंडाला लावला. हसली की हळहळली, कळलं नाही. इंटिरिअरवाला "किती ऑथेंटिक!" म्हणत तिचाच व्हिडिओ काढू लागला. काकीनं त्याच्याकडे मोर्चा वळवला. तुझ्या घरी काय काय आहे? तो अभिमानानं म्हणाला, "काहीच नाही, आजी. एक गादी, एक दिवा. मिनिमल."

काकीचा चेहरा पडला. "बिचारा! घरमा काहीच नही!" मग त्याचं लग्न झालंय का, आईबाप आहेत का, पगार वेळेवर होतो का, सगळी चौकशी झाली. मला पाणी विचारलं नाही, त्याला मात्र पिशवीतले दादरचे, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीचे, पापड मिळाले.

आमचं गावचं घर धाब्याचं होतं. वर मातीचा जाड थर, त्यामुळे मे महिन्यात पारा ४० च्या वर गेला तरी आत दुपारची झोप लागायची. वाटणीनंतर चुलत्यांनी ते पाडलं, सागवानी दारं भंगारात गेली. आता वरच्या मजल्यावर स्लॅबखाली भाजून निघतोय, आणि प्लायवूडचं कोरं दार पॉलिश पेपरनं घासून 'जुनं' केल्याचे पैसे वेगळे. जुनं दार होतं तेव्हा कुणी दमडी दिली नाही.

जाताना काकीनं त्या पोराला शब्द दिला, की माझं मांड्यांचं खापर तडकलंय, पुरणाचा मांडा काही आता त्यावर व्हायचा नाही, ते तू घेऊन जा. दिलंही, फुकट. त्यानं त्यात बल्ब बसवून ते आमच्याच पॅसेजमध्ये टांगलं. आज बिल आलंय. त्यात एक ओळ आहे, 'व्हिंटेज टेराकोटा लॅम्प, हँडपिक्ड', आणि पुढे जो आकडा आहे त्यात काकीच्या घरी वर्षभराची दादर भरली असती.