अकरा महिने मेलची वाट
'पुण्यात आयटीत नोकऱ्या भरपूर आहेत, मुलंच तयार नाहीत' हे लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. माझी भाची इंजिनिअर झाली, कॅम्पसमध्ये निवड झाली, ऑफर लेटरही हातात आलं. पण रुजू व्हायची तारीख तीनदा पुढे ढकलली. अकरा महिने पोरगी सकाळी डोळे उघडले की आधी मेल बघायची. यात तिच्या कौशल्याचा काय संबंध?

आणि पगाराबद्दल लेखात चकार शब्द नाही! २०११ मध्ये मी हिंजवडीत सव्वातीन लाखांच्या पॅकेजवर लागलो. आजही मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत बहुतेक फ्रेशरची सुरुवात साडेतीनच्या आसपासच होते. तेव्हा वाकडला आम्ही तिघं मित्र दहा हजारांत टू बीएचके घेऊन राहायचो. आज तेवढ्यात भाचीला एकटीचं पीजीसुद्धा धड मिळत नाही.