फूटपाथवर पडलात तर कोण देणार?

खड्ड्यात नाहीतर उघड्या मॅनहोलमध्ये पडून माणूस गेला तर घरच्यांना ६ लाख, जखमीला ५० हजार ते अडीच लाख भरपाई, असा मुंबई हायकोर्टाचा ऑक्टोबर २०२५ चा आदेश आहे, झकास. पण फूटपाथचं काय हो? आमच्या मावशीचा पाय हलणाऱ्या पेव्हर ब्लॉकवर पडला, तो एका बाजूने उचलला गेला, खालून चिखलाची पिचकारी आणि ही थेट मनगटावर, फ्रॅक्चर. वॉर्ड ऑफिसात गेलो तर साहेब म्हणतात ते केबलवाल्यांनी खोदलंय, आमचा संबंध नाही. अरे खोदायची परवानगी काय केबलवाल्याच्या सासऱ्याने दिली?

दिल्लीत चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं मेली होती, त्यात १९६६ साली सुप्रीम कोर्टाने महापालिकेलाच जबाबदार धरलं, दोष वरून दिसत नव्हता ही सबब चालली नाही. इथे तर दोष आंधळ्यालाही दिसतो! शिवाय मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालंय की चालण्याजोगा फूटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ मधला, म्हणजे जगण्याच्या हक्कातलाच, हक्क आहे. पण महापालिकेवर दावा लावायचा तर आधी महिनाभराची लेखी नोटीस द्या, सहा महिन्यांच्या आत कोर्टात जा, प्लॅस्टर उतरून फिजिओ संपेपर्यंत निम्मी मुदत गेलेली असते.

आणि कुणी पडलं तर पहिला फोटो काढा बरं का, आमच्याकडे तक्रार गेल्यावर रातोरात तिथे सिमेंट फासून मोकळे झाले.