यीस्ट पार्टिकलवाला तो फॉरवर्ड: त्यात खरं किती आणि फेकलेलं किती

एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. मजकूर साधारण असा, की शास्त्रज्ञांनी ब्रेडच्या यीस्टपासून नॅनो रोबोट बनवलेत, ते गिळले की औषध थेट कॅन्सरपर्यंत जातं, रोज चमचाभर यीस्ट खाल्लं तरी तोच फायदा, लसींमध्ये मात्र जिवंत यीस्ट घालतात, आणि हे सगळं औषध कंपन्यांनी दाबून ठेवलंय. यात खऱ्या संशोधनाचे तुकडे आहेत म्हणूनच लोक फसतात, त्यामुळे एकेक मुद्दा घेऊ.

नॅनो रोबोट. रोबोट सोडाच, हे नॅनोसुद्धा नाही. मेसेज ज्याला रोबोट म्हणतो तो खरा ग्लुकन पार्टिकल, म्हणजे यीस्टची पेशी आतून पूर्ण साफ केल्यावर उरलेलं रिकामं टरफल, आकार 2 ते 4 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे 1000 नॅनोमीटर). नॅनो म्हणायचं तर 100 नॅनोमीटरच्या आसपास किंवा आत यायला हवं, हे त्याच्या 20 ते 40 पट मोठं. त्यात ना चिप ना मोटर, कुठे जायचं हे त्याला कळत नाही. आपल्या शरीरात जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी असतात, त्यांच्यावर डेक्टिन-1 नावाचा रिसेप्टर, म्हणजे ओळख पटवणारं प्रथिन असतं, ते बीटा ग्लुकन, म्हणजे टरफलाच्या भिंतीतली साखरेची साखळी, ओळखतं (हे 2001 मध्ये कळलं), पेशीला वाटतं बुरशी घुसली आणि ती कण गिळून टाकते, आणि कणात भरलेलं औषध असं आयतं आत पोचतं. सगळी हुशारी मॅक्रोफेजची, श्रेय मात्र टरफलाला!

आता चमचाभर यीस्ट. माझ्या मते मेसेजमधली सगळ्यात मोठी फेकाफेक हीच. पार्टिकल बनवताना यीस्ट आधी गरम अल्कलीत शिजवतात, मग अ‍ॅसिडमधून काढतात, मग अल्कोहोल आणि अ‍ॅसिटोनने धुतात, तेव्हा कुठे आतली प्रथिनं, डीएनए, चरबी आणि भिंतीवरचा मॅनोप्रोटीनचा (साखर जोडलेल्या प्रथिनांचा) थर निघून जातो आणि खालचं ग्लुकन उघडं पडतं. हाती येते कोरडी पांढरट पावडर. तिच्यावर औषधाचं पाणी अगदी मोजून टाकतात, कणांच्या पोकळीत मावेल एवढंच, ते आत शोषलं गेलं की उलट चार्जचा दुसरा पदार्थ सोडतात, दोघं आतल्या आत एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि भिंतीच्या छिद्रांतून बाहेर पडू शकत नाहीत. डब्यातल्या यीस्टवर यातलं काहीच झालेलं नसतं, त्याचं ग्लुकन बरंचसं झाकलेलं आणि पोटात औषध शून्य. ब्रेडमधलं यीस्ट तर भट्टीतच मरतं, पण मेलेली पेशी म्हणजे रिकामी पेशी नव्हे.

कॅन्सर. ज्या कामावर हा मेसेज उभा असावा असं दिसतं ते 2009 चं आहे, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमधलं. त्यांनी या कणांत एक जीन बंद करणारा छोटा आरएनए भरला, उंदरांना तोंडावाटे दिला, तर आतड्यातून मॅक्रोफेजमध्ये जाऊन त्याने शरीरभरची सूज कमी केली. तोंडावाटे आरएनए देऊन असा परिणाम दिसणं हे खरोखर भारी काम होतं, पण विषय सूज होता, कॅन्सर नव्हे, आणि प्राणी उंदीर होता, माणूस नव्हे. कॅन्सरसाठी यीस्ट माणसांवर वापरून पाहिलंय, तेही वेगळ्या पद्धतीने. जीआय-4000 ही उष्णतेने मारलेल्या आख्ख्या यीस्टची लस, तिच्यात पेशींची वाढ सांभाळणारं रास नावाचं प्रथिन बिघडलेल्या रूपात घातलेलं, स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या 176 रुग्णांवर केमोसोबत तिची चाचणी झाली, पण प्लासिबोच्या (औषध नसलेल्या नकली डोसच्या) तुलनेत आजार परत येणं काही लक्षणीय लांबलं नाही. कंपनीचीच लस आणि निराशाजनक निकाल छापूनसुद्धा आला. 2009 चा पेपर तर नेचरमध्ये आहे. दाबून ठेवण्याची ही कसली तऱ्हा बुवा?

लसीत जिवंत यीस्ट? नाही. 1986 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली हिपॅटायटिस बीची लस यीस्टकडून बनवून घेतात हे खरं. विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचं जीन यीस्टमध्ये टाकायचं, यीस्ट वाढवायचं, पेशी फोडायच्या आणि प्रथिन गाळून शुद्ध करायचं. त्या प्रथिनाचे आपोआप गोल कण बनतात, साधारण 22 नॅनोमीटरचे, म्हणजे यीस्टमधून निघालेला खराखुरा नॅनो कण हवा असेल तर तो इथे आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं यालाच वाईट ठरवलंय! लसीत यीस्टचं प्रथिन थोडं उरतं, लेबलवर तसं लिहिलेलंही असतं (ब्रँडप्रमाणे कमाल 1 ते 5 टक्के), त्यामुळे यीस्टची गंभीर अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं. पण त्यात जिवंत, वाढणारं असं काही नसतं.

जिवंत यीस्टची काळजी करायचीच असेल तर ती पोटासाठी विकत मिळणाऱ्या सॅकरोमायसिस बोलार्डीच्या पुड्यांची करा. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही, पण प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या किंवा मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन, म्हणजे औषधं देण्याची नळी, असलेल्या रुग्णांमध्ये हे यीस्ट रक्तात शिरून गंभीर संसर्ग झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात, कधी पुडी फोडताना हाताला लागलेली पावडर लाइनपर्यंत पोचते एवढंही पुरतं. त्यामुळे मेसेज वाचून केमो चालू असलेल्या कुणाला कोणी यीस्टची पावडर आणून देत असेल तर आधी त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टला विचारा, आणि तोवर ती पुडी रुग्णाच्या खोलीत उघडूसुद्धा नका.