नॅनोकण टाकले की प्लास्टिक ‘मजबूत’ होतं?

‘दोन पॉलिमरच्या मिश्रणात नॅनोकण घाला, ते मजबूत होतं. जितके जास्त कण, तितकी जास्त मजबुती. शिवाय हे कण दोन्ही पॉलिमरना आपोआप जोडतात.’ हा मजकूर सगळीकडे फिरतोय. यावर विसंबून बनवलेला भाग ऐन वापरात तुटू शकतो, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

‘मजबूत’ या एका शब्दात तीन वेगळे गुण कोंबलेत: ताठपणा (सहजी न वाकणं), ताकद (जास्त ताण पेलणं) आणि चिवटपणा (धक्का बसला तरी न तुटणं). नॅनोक्ले, म्हणजे मातीचे अतिसूक्ष्म पापुद्रे, हमखास वाढवते तो ताठपणा. टोयोटाच्या संशोधकांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस नायलॉन-६ मध्ये जेमतेम ४-५ टक्के क्ले घालून मॉड्युलस, म्हणजे ताठपणाचं माप, जवळपास दुप्पट केला, हे खरंच आहे. पण तिथे नायलॉन एकटंच होतं, आणि क्ले नायलॉन तयार होतानाच मिसळली होती.

मिश्रणाची गोष्ट निराळी. नायलॉनला चिवट करायला रबर घालतात. धक्का बसला की रबराचे बारीक थेंब आतून फाटतात, भोवतालचं नायलॉन ताणलं जातं आणि त्यात ऊर्जा जिरते. क्ले रबरात शिरली तर थेंब कडक होतात, सहजी फाटत नाहीत. नायलॉनमध्ये राहिली तर नायलॉनच्या ताणण्याला आडकाठी येते. मॉड्युलस वाढतो, पण खाच पाडलेल्या नमुन्याची आघात चाचणी घेतली की चिवटपणाचा आकडा कोसळलेला दिसतो. कण कुठे बसला, हा प्रश्न मला प्रमाणापेक्षाही मोठा वाटतो.

‘जितके जास्त’ तर सरळ चूक. नेहमीच्या फ्यूम्ड सिलिकाच्या (नॅनोकणांची एक भुकटी) एका ग्रॅमला सुमारे २०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. एवढे पृष्ठभाग एकमेकांना चिकटणारच. तुटलेला नमुना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरा: तडा जिथून निघाला तिथे अनेकदा काही मायक्रॉनचा, म्हणजे काही हजार नॅनोमीटरचा, कणांचा गोळा सापडतो, भोवती पोकळ फट. तो गोळा आता नॅनो राहिलेलाच नाही.

जोडण्याचा दावा अर्धा खरा. क्लेचे पापुद्रे दोन पॉलिमरच्या सीमेवर बसले तर थेंब एकमेकांत मिसळत नाहीत, बारीक राहतात. पण बारीक थेंब म्हणजे घट्ट पकड नव्हे. पॉलिप्रॉपिलीन-नायलॉनच्या जोडीत पकड येते ती मॅलेइक अनहायड्राइड हे रसायन जोडलेल्या पॉलिप्रॉपिलीनमुळे, कारण ते नायलॉनच्या अमाइन टोकांशी रासायनिक बंध करतं. क्ले मात्र या जोडीत बहुतेक नायलॉनकडेच ओढली जाते. ती आधी पॉलिप्रॉपिलीनमध्ये मिसळून मग नायलॉन घातलं, तर काही क्ले वाटेत सीमेवर अडकूही शकते. म्हणजे मिसळण्याचा क्रम बदलला की तेच घटक, तेच प्रमाण, पण वेगळा माल हाती येऊ शकतो.